ओकायामाच्या त्या आजींचे आभार

पुण्याहून आमचा विद्यार्थ्यांचा गट जपानमधल्या ओकायामाला गेला होता. कोराकुएन बागेत चहाचा विधी होता. १७०० साली पूर्ण झालेली हीच ती बाग, जिच्या धर्तीवर आपलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं.

युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, घालून किल्ल्याकडून बागेकडे त्सुकिमी पूल ओलांडताना माझ्या गेताचा, म्हणजे लाकडी चपलेचा, अंगठाच तुटला. गट पुढे गेलेला, आणि जुलैचं ऊन असं की अनवाणी पाऊल टेकवेना.

समोरून येणाऱ्या एक आजी थांबल्या. पिशवीतून सुती तेनुगुई, म्हणजे हात पुसायचा जपानी रुमाल, काढली आणि दातांत धरून सरळ टरकावली. (चांगली कोरी होती हो!) पट्टीला पीळ दिला, पाच येनच्या भोकाच्या नाण्यातून ओवली, तळातून वर काढून गाठ मारली. नाणं खाली अडकून राहिलं, त्यामुळे पट्टी निसटेना. मी पैसे पुढे केले तर माझा हात बाजूला सारला आणि युकाताचा सैल झालेला पट्टाही आवळून दिला.

फाटकापर्यंत त्या माझ्या चालीने सोबत आल्या. तिथल्या कर्मचारी दादांनी गट शोधून मला थेट चहाघरापर्यंत सोडलं.

आजी, दादा, तुमची नावं मला ठाऊक नाहीत. मनापासून आभार. त्या दिवशीचा चहा मला तुमच्यामुळे मिळाला.