पुण्यातला फ्लॅट आणि इंग्लंडमधलं 'पहिलं' घर

संपादक महोदय, स.न.

मी बरीच वर्षं इंग्लंडात रेडिंगला राहतो आणि तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचतो. मागच्या महिन्यात भाच्याबरोबर एक व्हिक्टोरियन टेरेस्ड घर बघायला गेलो होतो, त्यावरून लिहितोय. इथे टेरेस म्हणजे गच्ची नाही, एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग, मधली भिंत दोघांत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं की फर्स्ट टाइम बायरसाठी एकदम योग्य, मागणी 3,50,000 पौंड.

घर मला मनापासून आवडलं. लाल आणि राखाडी विटांची नक्षी, दार उघडलं की थेट फुटपाथ, खाली दोन खोल्या वर दोन, बाथरूम मागे किचनच्या पलीकडे कारण बांधलं तेव्हा संडास अंगणात असायचा. पण या घरांच्या भिंती 9 इंची भरीव विटांच्या असतात, आत पोकळी नसते, चुन्यात बांधलेल्या, त्यावर कुणी सिमेंट थापलं की ओल आत अडकते. शिवाय खालची जमीन लाकडी, तिच्याखाली वारा खेळायला बाहेर जाळीच्या विटा असतात, त्या इथे मागच्या नव्या फरशीखाली अर्ध्या गाडल्या गेल्या होत्या. बँकेचं व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, आपल्यासाठी नाही, म्हणून लेव्हल 3 सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची सगळ्यात बारकाईने होणारी तपासणी, करायचाच असं मी त्याला सांगितलं.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. त्याच्या वडिलांनी पुण्यातल्या फ्लॅटवर त्याचं नाव घातलंय, प्रेमाने, निम्मा हिस्सा. इथल्या कायद्यात फर्स्ट टाइम बायर म्हणजे जगात कुठेही राहतं घर कधीच नावावर नसलेला माणूस, वारसाहक्काने आलेलंसुद्धा धरतात, आणि दोघं मिळून घेत असतील तर दोघांनाही ते लागू. एप्रिल 2025 पासून इंग्लंडात अशा माणसाला पहिले 3,00,000 पौंड माफ, म्हणजे या घरावर स्टॅम्प ड्युटी फक्त 2,500. भाच्याला ती सवलत नाही, म्हणजे साधे 7,500, आणि पुण्यातला हिस्सा 40,000 पौंडांच्या वर जातो म्हणून दुसरं घर समजून अख्ख्या किमतीवर आणखी 5 टक्के, एकूण 25,000 पौंड! लाइफटाइम आयसा म्हणजे पहिल्या घरासाठी किंवा म्हातारपणासाठी बचत करायचं सरकारी सवलतीचं खातं, त्यात वर्षाला 4,000 पौंडांपर्यंत भरलं की सरकार 25 टक्के घालतं, तो पैसाही त्याला या घरासाठी वापरता येत नाही, काढला तर 25 टक्के कापतात, म्हणजे स्वतःच्या बचतीतलंही थोडं जातं.

एजंटने एका शब्दाने विचारलं नाही की तिकडे काही आहे का, आणि जाहिरात वाचून भाच्याला वाटलं आपण तर पहिल्यांदाच घेतोय. मला याचं फार वाईट वाटलं, पाच वर्षं पोराने काटकसर केलीय हो.

तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत हे एकदा ठळक छापा अशी विनंती. मुलगा किंवा मुलगी परदेशी जायच्या बेतात असेल तर फ्लॅटवर नाव घालायच्या आधी तिथल्या वकिलाला विचारून घ्या, नंतर नाव काढलं तरी 'कधीच नव्हतं' असं होत नाही.

भाचा अजून ते घर सोडायला तयार नाहीये. वकिलाचं लेखी उत्तर येईपर्यंत ऑफर टाकू नको असं मी त्याला बजावलंय.

— एक वाचक, रेडिंग (इंग्लंड)