वँडल बिचारे फुकट बदनाम

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात किल्ल्याच्या तटबंदीवर बदाम काढून नावं कोरणाऱ्या पोरांची बातमी होती आणि हेडिंगला मोठ्ठा शब्द, 'वँडलिझम'. पोरांना हव्या तेवढ्या शिव्या घाला, माझं काहीच म्हणणं नाही, पण वँडल लोकांना का मध्ये ओढता?

ही एक जर्मॅनिक टोळी. ४०६ च्या अखेरीस ऱ्हाइन ओलांडली, मग स्पेन, मग ४२९ मध्ये समुद्र ओलांडून आफ्रिका, दहा वर्षांत कार्थेज घेऊन तिथे राज्यच थाटलं. ४५५ साली त्यांच्या गायसेरिक राजाने रोम लुटलं, चौदा दिवस, आणि लुटलं म्हणजे अगदी ज्युपिटरच्या देवळाचं अर्धं छप्परसुद्धा उतरवून नेलं असं जुना इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. पण पोप लिओने विनंती केली म्हणून जाळपोळ आणि कत्तल बरीचशी टाळली असं सांगतात. म्हणजे हे लुटारू होते, मान्य, पण मोडण्यासाठी मोडणारे नव्हेत. छप्पर नेलं ते सोन्याचा मुलामा होता म्हणून! आणि त्यांच्याआधी ४१० मध्ये रोम लुटणारे गॉथ, त्यांच्या नावाने मात्र चर्चची सुंदर शैली ओळखली जाते, बघा नशीब.

आता त्या नावाला 'इझम' चिकटवला कोणी, तर फ्रान्सच्या आंरी ग्रेग्वार या बिशपने, १७९४ मध्ये. क्रांतीच्या जोशात लोक पुतळे, थडगी, जुनी हस्तलिखितं जे दिसेल ते फोडत-जाळत सुटले होते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या दर्शनी भिंतीवरचे बायबलमधल्या राजांचे पुतळे फ्रान्सचे राजे समजून त्यांची मुंडकी उडवली (त्यातली बरीच १९७७ मध्ये पॅरिसमध्येच जमिनीखाली सापडली). हे थांबावं म्हणून ग्रेग्वारने शब्द घडवला, हेतू चांगलाच होता, पण फोडणारे फ्रेंच आणि नाव गेलं तेराशे वर्षांपूर्वीच्या टोळीचं. त्यांचं राज्य ५३४ मध्येच बुडालेलं, भांडायला उरलंय कोण.

आपल्याला हे कळायला हवं कारण बंगालमध्ये आपलंही तेच झालंय. बारगीर म्हणजे आपल्याकडे सरकारी घोड्यावरचा स्वार, साधा नोकरीतला शब्द. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात तिकडे वर्षानुवर्षं चौथाईसाठी जात राहिल्या आणि तिथे 'बर्गी' म्हणजे लुटारू, अजूनही अंगाईगीतात पोरांना त्याची भीती घालतात. कोलकात्याच्या इंग्रजांनी तर १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला, नावच मराठा डिच. फरक इतकाच की तिथे गावं खरंच जळली होती, त्यामुळे मला तक्रार करायला तोंड नाही.

तर पुढच्या वेळी हेडिंगमध्ये सरळ 'नासधूस' लिहा. जागेचा प्रॉब्लेम असेल तर तो शब्द एका अक्षराने लहानच आहे.

आपला,
एक जुना वाचक, पुणे