बैठक म्हणजे उठाबशी नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सध्या तुमच्या पेपरात रोज दिसतायत, कराटे, तायक्वांदो, मर्दानी खेळ, कुस्ती, सगळंच आहे, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त खाली लघवीच्या रंगाबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका ही विनंती.

माझा भाचा १६ वर्षांचा आहे, चार वर्षं कराटेला जातो. दहावीमुळं जानेवारीपासून क्लास बंद होता, परीक्षा संपली आणि पहिल्याच दिवशी पोरगं १० मिनिटं उशिरा पोचलं, तर शिक्षा म्हणून ४०० बैठका. पत्र्याचं शेड, दुपारचे चार वाजलेले, मधी पाणी प्यायचं नाही. पोरगं जिद्दी, सगळ्या मारल्या, वर शाबासकी पण मिळाली. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, आम्ही म्हटलं अंग आंबलंय, होईल कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. बहिणीला वाटलं कावीळ. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "व्यायाम किती केलास?" रक्तातलं सीपीके, म्हणजे मांसपेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासलं, जे एरवी शंभर-दोनशेच्या आसपास असतं ते हजारांमध्ये निघालं. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. म्हणजे सवय नसताना एकदम मारामार मेहनत केली की मांसपेशी नुसत्या दुखत नाहीत, तर फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन अडकतं, अंगात पाणी कमी असेल आणि ऊन असेल तर अजून लवकर. पाच दिवस सलाईनवर होता. किडनी वाचली, वेळेत गेलो म्हणून वाचली.

म्हणून सगळ्या पालकांना हात जोडून सांगतो, व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग दुखणं साधं आहे, त्याला घाबरायचं कारण नाही, पण लघवी चहासारखी किंवा कोलासारखी झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, पायात ताकदच राहिली नाही, तर हळदीचं दूध पाजून वाट बघत बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात न्या.

क्लासचं नाव लिहीत नाही. त्या सरांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहितीय, आणि हे त्या एकाच ठिकाणी चालतं असंही नाही.

मी स्वतः पेठेतल्या तालमीत वाढलो. १२ व्या वर्षी गेलो, २३ व्या वर्षी गुडघ्यानं सोडवलं. आमच्या वस्तादांनी पहिले १५ दिवस मला लढतीला हातच लावू दिला नाही. हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणायचा, माती वर-खाली करायची, ढेकळं फोडायची आणि मग २० जोर, २० बैठका, बस्स. मला राग यायचा, वाटायचं आपल्याला गड्याचं काम देतायत. आता कळतं की खोऱ्यानं ओली माती उचलून बाजूला टाकताना पकड, कंबर, पाठ आणि पाय सगळं एकत्र कामाला लागतं आणि कुस्तीत समोरच्याला उचलताना नेमकं तेच लागतं. तालमीच्या भिंतीवर प्रत्येक पोराच्या कोळशानं रेघा असायच्या, कुणाचे किती जोर, किती बैठका. वस्ताद आले की पहिला प्रश्न, "काल किती मारल्यास?" त्या आकड्यावर पाच वाढवायचे, ते पण रोज नाही, चार-पाच दिवसांनी. आजारी पडून आलेल्या पोराचा आकडा ते स्वतः पुसायचे आणि निम्म्यावर आणायचे. आठवड्यातनं एक दिवस हौद्याला आणि आम्हाला सुट्टी. चुकलं तर शिक्षा पण होती, हौदा झाडा, पाणी भरा, पण जोर-बैठकांची शिक्षा कधी नाही. जोर-बैठका म्हणजे मेहनत आणि मेहनतीला ते पाया पडून सुरुवात करायचे, तिची शिक्षा कशी करणार. शाळेत कान धरून काढतात त्या उठाबशा. बैठक वेगळी. हा फरक कोल्हापुरात सांगायची वेळ यावी याचंच मला जास्त वाईट वाटतंय.

आणि हे फक्त कुस्तीपुरतं नाही. मर्दानी खेळातला दांडपट्टा बघा, २०२४ मध्ये शासनानं त्याला राज्यशस्त्र केलं त्यामुळं शिकणारी पोरं-पोरी वाढल्या, चांगलीच गोष्ट आहे. पण पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारं लोखंडी कवच, त्यात मनगट वळतच नाही, म्हणजे सगळा फिरवा खांद्यातनं आणि कमरेतनं काढायला लागतो. ज्या पोरीनं आधी दोन-तीन महिने हलका करेला, म्हणजे लाकडी मुद्गल, डोक्यामागनं फिरवून खांदा तयार केला नाही, पवित्रे घेऊन मांड्या बसवल्या नाहीत, तिच्या हातात शिबिराच्या चौथ्या दिवशी पट्टा दिला की महिन्यात खांदा धरतो. जुनी माणसं काठी आधी देत होती, पट्टा नंतर, त्याला कारण होतं.

कराटेवाल्यांचं मला जास्त सांगायचंय कारण तिथं लहान पोरं जास्त आहेत. बारक्या बारक्या पोरांना मुठीवर जोर मारायला लावतात, ते पण सिमेंटवर, कार्यक्रमात कौलं नाहीतर फरशी फोडायला लावतात आणि पालक मोबाईलवर व्हिडिओ काढतात. हाडावर भार पडला की हाड घट्ट होतं हे खरंच आहे, वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ मध्येच ते मांडलं, पण ते महिन्यांचं आणि वर्षांचं काम आहे, आणि लहान पोरांच्या हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती मुलींची साधारण १४ ते १६ आणि मुलांची १६ ते १८ वर्षांपर्यंत बंद होत नाही. तिथं इजा झाली तर बोट वाकडं वाढू शकतं. ज्या ओकिनावातनं कराटे आलं तिथली माकीवारा बघा कशी असते. जमिनीत पुरलेली फळी, वर पातळ होत गेलेली, डोक्याला भाताचा पेंढा गुंडाळलेला. ठोसा बसला की फळी मागं लवते, धक्का खाते. भिंत लवत नाही, फरशी लवत नाही. त्यांची पद्धत घ्यायची आणि त्यातली लवचिक फळी तेवढी सोडून द्यायची हे काय बरोबर नाही.

बरं एवढ्या बैठका कशासाठी तेही कुणी सांगत नाही. खासबागेत, आपल्या कुस्तीच्या मैदानात, निकाली कुस्ती लागायची तेव्हा घड्याळ नव्हतं, अर्धा-अर्धा तास धरून बसायचे, तिथं हजार बैठकांचा दम लागत होता. आता मॅटवर ३ मिनिटांचे दोन राउंड, मधी ३० सेकंद. मोठ्यांची कराटेची फाइट ३ मिनिटं, ज्युदो ४ मिनिटं. आपले खाशाबा जाधव, राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, सहावे आले, आणि चारच वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. मधल्या काळात मेहनत होतीच, पण ज्या मैदानात उतरायचंय त्या मैदानाची मेहनत लागते. आता त्यासाठी स्फोटक ताकद लागते, थोडा वेळ सगळं झोकून द्यायचं, थोडा श्वास, परत झोकून द्यायचं. तबाता नावाच्या जपानी संशोधकानं १९९६ मध्ये हेच मांडलं, २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा, म्हणजे सगळी मिळून ४ मिनिटं. पण ते तयार खेळाडूंसाठी होतं. आपल्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर बघून आठवीतल्या पोरांना तेच करायला लावतात, आणि ते पण तासाभराच्या बैठकांनंतर.

वॉर्मअपचं पण तेच. ब्रूस ली एवढा तयारीचा माणूस, १९७० मध्ये अंग गरम न करता खांद्यावर बार घेऊन कमरेत वाकायचा व्यायाम केला आणि पाठ अशी धरली की कित्येक महिने पडून राहायला लागलं. त्याचं असं झालं तर आपल्या पोरांचं काय.

स्पर्धेच्या आधी पोरं रेनकोट घालून रंकाळ्याला पळताना दिसतात, वजन उतरवायला. पाणी तोडतात, थुंकत बसतात. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान याच नादात सव्वा महिन्यात गेले, त्यानंतर तिथं रबरी सूट आणि सौनावर बंदी आली. आपण कुणाची वाट बघायची?

माझी मागणी फार मोठी नाही. महापालिका मैदानं आणि हॉल शिबिरांना देते, त्या परवानगीच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात की मधी पाणी द्यायचं, १४ च्या आतली आणि वरची पोरं वेगळी करायची, कसलाही व्यायाम शिक्षा म्हणून द्यायचा नाही, प्रथमोपचार शिकलेला एक माणूस तिथं हजर पाहिजे. याला पैसा लागत नाही. पालकांनी फी भरताना एकच विचारावं, "माझ्या पोराचा आकडा कुठं लिहून ठेवता?" ज्या सरांकडं याचं उत्तर आहे त्यांच्याकडं डोळे झाकून पाठवा, आणि असे सर कोल्हापुरात आहेत, मी बघितलेत, स्वतःच्या खिशातनं पोरांना केळी आणि अंडी देणारे आहेत.

आणि तुमच्या पेपरला एक विनंती. शहरात अजून काही जुने वस्ताद आहेत, बरेचसे ऐंशीच्या पुढं गेलेत. कुठल्या वयाच्या पोराला किती जोर, हौदा कधी खणायचा, पावसाळ्यात काय करायचं, आजारातनं उठलेल्याला कसं परत आणायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठंच नाही. तुमची माणसं वही घेऊन त्यांच्याकडं जाऊ देत, दर रविवारी एक कॉलम द्या. कराटेचे, तायक्वांदोचे सर पण वाचतील. आमचे वस्ताद गेले तेव्हा तालमीची भिंत रंगवून झाली होती, एक रेघ शिल्लक नव्हती, आणि आम्ही कुणी त्या आधी लिहून घेतल्या नाहीत हे मला अजून लागतं.

भाच्याला डॉक्टरांनी महिनाभर काही करू दिलं नाही, मग हळूहळू चालायला सांगितलं. आता तो संध्याकाळी माझ्याकडं गच्चीवर येतो, त्याला कराटेच करायचंय आणि मी नाही म्हणणार नाही. पाच जोर आणि दहा बैठकांपासनं सुरुवात केली, शंभर पानी वहीत रोज तारीख घालून लिहितो. काल १२ जोर आणि २० बैठका झाल्या, आज विश्रांती.

आपला नियमित वाचक,
एक मामा, शिवाजी पेठ, कोल्हापूर