मामावर लिहितोयस, तर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मामावर लिहू का आणि लिहिलं तर तुला त्रास होईल का, असं तू फोनवर विचारलंस. स्वयंपाकाच्या घाईत धड बोलता आलं नाही. लिही. त्रास होईल, पण गप्प राहण्याचा त्रास त्याहून मोठा असतो, हे मी तुझ्या आजीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

२६ नोव्हेंबर २००८. सोलापूरची रात्रीची गाडी पकडायला रवीमामा सीएसटीला लवकर जाऊन बसला होता. दहाच्या सुमारास कसाब आणि त्याचा साथीदार या दोन अतिरेक्यांनी मेल गाड्यांच्या हॉलमध्ये गोळीबार सुरू केला. एकट्या स्टेशनात पन्नासच्या वर माणसं गेली, मुंबईत मिळून १६६. त्याचं नाव आम्हाला दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या भिंतीवरच्या यादीत सापडलं. इतकं तुला माहीत आहे.

आजी त्यानंतर बोलेनाशीच झाली. भेटायला येणारे मनाने चांगलेच होते, पण "देवाची मर्जी", "आता नातवाकडे बघा" असं बोलून उठायचे. ती नुसती ऐकून घ्यायची. मग एकदा शेजारच्या काकू मेथीची जुडी घेऊन निवडायला बसल्या आणि सहज म्हणाल्या, "रवीला डाळमेथी आवडायची का हो?" आजी ताडकन म्हणाली, "डाळमेथी? ताट सरकवायचा! त्याला पातळ भाजी लागायची, दाण्याचं कूट घालून, आणि त्यात कडक भाकरी कुस्करून." मग ती थांबेचना. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलेला रवी, बहिणीच्या वहीत पोस्टाची तिकिटं चिकटवणारा रवी, उसने पैसे घेऊन विसरणारा रवी. हाताशी कॅलेंडर होतं, त्याच्या मागे मी लिहीत गेले. पुढे संध्याकाळी भाजी निवडताना ती रोज काही ना काही सांगायची. हळूहळू तिला झोप लागायला लागली. त्या रात्रीबद्दल ती खूप उशिरा बोलली, आपणहून. ते कुणी उकरून काढलं नाही, हे फार बरं झालं.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा प्रयोग मी नंतर वाचला. त्याने विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेवर लिहायला लावलं. लिहून उठल्यावर ती मुलं आणखी खिन्न दिसायची, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून सांगते, पहिल्या दिवशी रडू आलं तर घाबरू नकोस आणि त्या दिवशीचं कुणाला वाचायला देऊ नकोस.

विष्णू झेंडे यांच्याबद्दल मात्र जरूर लिही. सीएसटीचे उद्घोषक. बाहेर गोळ्या चालू असताना हा माणूस माइकसमोरून हलला नाही. मेल गाड्यांच्या बाजूला येऊ नका, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूने बाहेर पडा, असं तो लोकलने उतरणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला. किती जणांचे भाऊ त्या रात्री घरी पोचले असतील! माझा नाही पोचला, तरी त्या माणसाबद्दल वाचलं की मला आधार वाटतो. आणि ती दहा वर्षांची पोरगी, पायात गोळी लागलेली, कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि कसाबकडे बोट दाखवून तिने जे पाहिलं ते सांगितलं. त्या खटल्यात सहाशेहून अधिक साक्षीदार होते. एवढ्या लोकांनी ती रात्र आठवून तोंडाने सांगायचं धैर्य केलं, म्हणून २०१० साली निकाल लागला.

मारणाऱ्याचं दोन ओळींत आटप. त्याच्यावर खूप लिहून झालंय, रवीवर कुणीच लिहिलेलं नाही. आणि मामाला फार थोर करू नकोस. तो तापट होता, तुला खांद्यावर घेऊन जिना चढायचा आणि दम लागला की तुलाच रागवायचा. आम्हाला तोच रवी हवाय.

संक्रांतीला सोलापूरला जाशील तेव्हा आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड कर. ती मध्येच थांबली तर पुढचं विचारू नकोस, चहा टाक. गड्ड्यात हरवलेला रवी शेवटी कुठे सापडला, यावर आमचं अजून एकमत नाही. ती म्हणते पाळण्याखाली, मी म्हणते काकडीवाल्याच्या गाडीपाशी. तिची बाजू तू तिच्याकडून ऐक, माझी मी सविस्तर लिहून पाठवते.

तुझी,
आई