टोमॅटो इंजेक्शनने फुगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात शेवटच्या पानावर पाच किलोंच्या अमेरिकन टोमॅटोचा फोटो आला. सध्या मी मुलीकडे न्यू जर्सीत आहे, तिथे मोबाईलवर पाहिला. वजनाबद्दल माझी तक्रार नाही. पण फोटोखाली ‘हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवलेला’ असं जे ठोकून दिलंय, ते कुणाला विचारून? जुन्नर तालुक्यात उभी हयात टोमॅटोच्या तार-बांबूत गेली माझी. गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

ओक्लाहोमाच्या गॉर्डन ग्रॅहम यांनी १९८६ साली ७ पौंड १२ औंसांचा, म्हणजे साडेतीन किलोंचा टोमॅटो पिकवला. जात होती ‘डिलिशस’. हा जागतिक विक्रम २०१४ पर्यंत कुणाला हलवता आला नाही. सुई टोचून फळ फुगत असतं तर त्याला एवढी वर्षं लागली असती का? २०१४ मध्ये मिनेसोटाच्या डॅन मॅकॉय यांनी ३.८१ किलोंचं फळ काढलं, २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या डॅन सदरलँड यांनी ४.८९६ किलोंचं, आणि २०२२ मध्ये डेल व ज्युली फस्ट यांनी ५.२८४ किलोंचं. आपल्या वीस किलोंच्या कॅरेटचं वजन असल्या चार फळांतच भरतं.

सगळी गोम फुलात आहे. आमच्या शेजारी इटालियन वंशाचे एक वयस्कर गृहस्थ राहतात. परसात मोजकीच झाडं लावतात आणि ऑगस्टअखेरीच्या स्पर्धेसाठी त्यांच्यामागे जीव काढतात. भाषेची आमची बोंबच, पण बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातले फुटवे, खुडायला दोघं एका ओळीत बसलो की अडत नाही. त्यांनी मला जूनच्या सुरुवातीला पहिल्या घोसातलं एक फूल दाखवलं. टोमॅटोच्या साध्या फुलाला पाच-सहा पाकळ्या असतात. या फुलाच्या पाकळ्या मोजताना वीसच्या पुढे माझी गल्लत व्हायला लागली. आणि मधला स्त्रीकेसर! नेहमी तो काडीसारखा असतो. इथे चांगली चपटी पट्टी होती, चार-पाच काड्या शेजारी शेजारी चिकटून झालेली. म्हणजे दिसायला एक फूल, प्रत्यक्षात कित्येक फुलं एकाच देठावर एकजीव झालेली. इथली मंडळी त्याला ‘मेगाब्लूम’ म्हणतात. फळ मोठं होणार की नाही ते तिथेच ठरतं. फुलात जितके कप्पे, म्हणजे बी धरणारे खण, तितकी फळाला जागा. साध्या फुलाला पुढे कितीही खत घाला, ते अर्ध्या किलोच्या पुढे जाताना दमतं.

असं फूल पहिल्या-दुसऱ्या घोसातच जास्त सापडतं, कारण त्या वेळी रात्री गार असतात. कळी धरताना थंडी असली की कप्पे वाढतात. उन्हाळा तापला की हा खेळ संपला.

आता हे फूल आपल्या वावरात निघत नाही असं थोडंच आहे? निघतं. पण त्याचं फळ वेडंवाकडं, बुडाला चिरा आणि खपल्या असलेलं होतं. निवडताना आपण ते निमूट बदल्यात, म्हणजे टाकाऊ मालात, टाकतो. नारायणगावच्या बाजारात काय किंवा पिंपळगाव बसवंतच्या काय, व्यापाऱ्याला गोल, टणक, एका मापाचा माल लागतो. तो दिल्लीत उतरेपर्यंत फुटता कामा नये. त्याचंही चुकत नाही. फक्त ज्याला आपण खोड म्हणतो, त्याच खोडीवर इथले हौशी बागवाले पिढ्यानपिढ्या निवड करत आले.

टोमॅटोचा रानटी पूर्वज पेरू-इक्वेडोरकडचा. फळ वाटाण्याएवढं, आत दोन कप्पे. तिथपासून मुठीएवढ्या फळापर्यंतची मजल बी राखणाऱ्यांनी मारली. कॉर्नेल विद्यापीठातल्या स्टीव्हन टँक्सली यांच्या गटाने २००० साली फळाच्या आकाराशी संबंधित जनुक शोधून काढलं, कप्पे वाढवणाऱ्या जनुकांचा छडा त्यानंतर लागला. तोवर शेतकरी नुसत्या नजरेने फळं निवडून मोकळे झाले होते. मॅकॉय यांचं फळ ज्या ‘बिग झॅक’ जातीचं, ती तर याच न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांचच्या मिनी झकारिया या बाईंनी घरच्या बागेत दोन जुन्या जातींचा संकर करून तयार केली. कसली प्रयोगशाळा आणि कसलं इंजेक्शन.

फूल सापडल्यावर मात्र खरी मेहनत सुरू होते. भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो आणि पराग खाली पडतात. शेजारी तेच काम विजेवरच्या दात घासायच्या ब्रशने करतात. सकाळी ऊन जरा वर आलं की देठाला ब्रश टेकवतात, पिवळी धूळ उडाली की बंद. फळ धरलं की त्या घोसातली बाकीची सगळी फुलं, नंतर झाडावरची बहुतेक सगळी फळं खुडून टाकतात. एका झाडावर एक, फार तर दोन. आमच्यासारख्याला ते पाहवत नाही. हिरवीगार फळं बादलीत पडताना मी तोंड दुसरीकडे फिरवतो.

पुढचा घोर देठाचा. फळ किलोच्या वर गेलं की देठ वाकतो, मोडला की कारभार आटोपला. म्हणून बायकांच्या जुन्या नायलॉन मोज्याची झोळी करून फळ वरच्या आडव्या काठीला टांगतात. मोजा ताणतो, फळाबरोबर वाढतो आणि रुतत नाही. वर सावलीला कापडाचा तुकडा, कारण उन्हाने साल कडक झाली की आतून वाढणारं फळ तडकतं. पाणी रोज ठरल्या मापात. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि बूड काळं पडतं. हे नारायणगावात कुणाला सांगायला नको. सडकं, गळकं फळ काट्यावर चढतच नाही.

खतं घालतात, नाही असं नाही. कंपोस्ट आणि वरून द्रवखत, दोन्ही. आणि हार्मोनच काढायचा तर फूलगळ थांबवायला एनएए नावाचं हार्मोन आपल्याकडेही फवारतात, त्याची कधी बातमी झाली नाही.

इथल्या स्पर्धावाल्यांची एक रीत मला फार आवडली. विजेता बी दडवून ठेवत नाही. पाकिटावर आईफळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहून बी वाटतात, म्हणजे पुढच्याला वंशावळ कळते. टोमॅटो स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे स्थिर जात असली की घरचं बी बहुतेक आईवरच जातं. आपण दर हंगामाला संकरित बियाण्याचं पाकीट विकत घेतो, त्यामुळे बी राखण्याची सवयच गेली. बाजारासाठी संकरित घ्यावंच लागतं, पण बांधाकडेला पाच झाडं हौसेची लावायला कोण अडवतंय?

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी असा फोटो छापताना जात कोणती, कुणाच्या काट्यावर आणि कुणासमोर वजन झालं, एवढं तरी विचारून छापावं. आपल्या कृषी प्रदर्शनांतही भलं मोठं फळ नुसतं टेबलावर मांडण्याऐवजी लोकांसमोर तोलावं, आणि बक्षीस घेणाऱ्याने बी वाटावं अशी अट घालावी. ट्रॉफीपेक्षा पाच-पंचवीस जणांना बी मिळालेलं बरं.

जाता जाता गावाकडच्या मंडळींसाठी. फोन येतायत, ‘काका, येताना खिशात थोडं बी टाका.’ नाही टाकणार. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना परदेशी बी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने बंदी आहे, आणि ती रास्त आहे. टोमॅटोची पानं-फळं खराब करणारा रुगोज विषाणू बियांवरूनच देशोदेशी पोहोचला. चार फळांच्या हौसेपायी तो तालुक्यात आणायचा काय? त्यापेक्षा रब्बीची लागण करताना गावठी किंवा पुसा रुबीसारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाची, खाचा पडणाऱ्या फळाची थोडी झाडं वेगळी लावा. पाच किलो सोडा, एक किलोही झालं नाही तरी निवडीला सुरुवात होईल. थंडीत पहिला घोस आला की पाकळ्या मोजा. दहाच्या वर भरल्या तर ते फूल खुडू नका, मला कळवा. दिवाळीला मी गावीच असेन.

आपला,
एक जुना टोमॅटो उत्पादक
ता. जुन्नर, जि. पुणे (सध्या मुक्काम एडिसन, न्यू जर्सी)