गिझर किती सेकंदांनी विझतो, ते आधी मोज

भुसावळ

चि. पंकज यास,
अनेक आशीर्वाद.

गॅस गिझर पेटतो आणि मधेच बंद पडतो, असं तू फोनवर म्हणालास. घरमालकांनी पाठवलेला मिस्त्री ‘सेन्सर काढून डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, हेही सांगितलंस. तेवढं मात्र करू देऊ नकोस. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

गिझर आपोआप विझतो तेव्हा बहुतेक वेळा आतल्या एखाद्या सुरक्षा यंत्रणेनेच गॅस तोडलेला असतो. पाण्याला जोर नाही, ज्योत लागल्याचं कळत नाही, तांब्याची कॉइल फार तापली, किंवा खोलीतली हवा संपत आली, यांपैकी काहीतरी असतं. नेमकं काय, ते किती वेळाने विझतो त्यावरून बरंचसं ओळखता येतं. म्हणून काहीही उघडण्याआधी मोबाईलवर वेळ लाव आणि दोन-तीनदा मोजून लिहून ठेव.

नळ पूर्ण सोडूनही ठिणगीची टिकटिक होतच नसेल, तर आधी सेल बघ. टॉर्चचे दोन मोठे सेल लागतात, दीड-दीड व्होल्टचे, मिळून ३ व्होल्ट. कधी सेल इतपत उतरलेले असतात की टिकटिक मंद होते, ज्योत लागते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवायला जोर पुरत नाही आणि गिझर विझतो. दोन्ही सेल एकदम बदल, अल्कलाइनच घे. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, ते इथे चालत नाहीत. डब्यातल्या पत्र्यांवर हिरवट थर असेल तर पॉलिश पेपरने घासून काढ.

ज्योत लागून आठ-दहा सेकंदांत विझत असेल आणि सेल नवे असतील, तर बर्नरजवळच्या पांढऱ्या चिनी मातीच्या पिनांकडे बघायचं. एक पिन ठिणगी टाकते, दुसरी ज्योतीत राहून ‘पेटलं आहे’ हे कंट्रोलरला, म्हणजे गॅस चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीला, कळवते. त्या दुसऱ्या पिनेवर काजळी धरली की ज्योत समोर असूनही कंट्रोलरला ती कळत नाही आणि तो गॅस बंद करतो. सिलिंडर बंद करून, सेल काढून, पिनेचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घास. पिन वाकवू नकोस. चिनी मातीला तडा असेल तर पिन बदलावीच लागते.

पण तुझ्या बाबतीत मला जास्त संशय पाण्याच्या जोराचा आहे. तुझी खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि टाकी लगेच डोक्यावर, गच्चीच्या स्लॅबवर. दहा मीटर उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याचा दाब साधारण १ बार होतो. गिझरला किमान ०.२ ते ०.२५ बार लागतो, म्हणजे पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षा दोन-अडीच मीटर वर हवी. शॉवर भिंतीवर साडेसहा फुटांवर असेल, तर टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं की एवढी उंची उरत नाही. आत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोराने तो सरकतो, पिन ढकलतो आणि छोटा स्विच दाबला जातो. जोर कमी पडला की पडदा मागे येतो आणि गॅस बंद. शॉवरच्या जागी खालच्या नळाने बादली भरून बघ. तेवढ्याने टिकला, तर गिझरमध्ये दोष नाही, घरमालकांना टाकी लोखंडी स्टँडवर चढवायला सांग.

प्रवाह मोजायची सोपी रीत: गिझरमधून येणारं पाणी १५ लिटरच्या बादलीत सोड. सहा मिनिटांतही भरली नाही, तर मिनिटाला अडीच लिटरही येत नाही, आणि बऱ्याच गिझरना तेवढं लागतंच. मग गिझरच्या खाली, थंड पाणी आत जातं तिथली जाळी काढून धू. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की तळाचा गाळ आणि गंज तिथेच येऊन बसतो. जाळी स्वच्छ आणि गार पाण्याचा नळ जोरात असूनही टिकटिक होत नसेल, किंवा गिझरच्या पोटातून थेंब गळत असतील, तर पडदा फाटलाय किंवा कडक झालाय. तो स्वस्तात मिळतो. गिझरची कंपनी आणि मॉडेल सांगून आण, मापात फरक असतो.

दोन-तीन मिनिटांनी विझत असेल, आतून खडखड आवाज येत असेल आणि पाणी कधी कढत तर कधी गार येत असेल, तर कॉइलमध्ये क्षार साठलाय. बोअरच्या जड पाण्यावर हे होणारच. तुझ्या बादलीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तर तसाच कॉइलमध्येही आहे. गिझर उतरवून, दोन्ही नळ्या सोडवून, १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल विरघळव आणि नरसाळ्याने कॉइल भर. फेस येऊ दे, तासभर ठेव, मग दोन बादल्या स्वच्छ पाणी जाऊ दे. बाथरूम धुण्याचं अॅसिड घालू नकोस. ते क्षाराबरोबर तांबं-पितळही खातं, आणि कॉइल गळायला लागली की गिझर बदलावाच लागतो.

बरोबर वीस मिनिटांनी बंद होत असेल, तर तो टायमर आहे. नळ बंद करून पुन्हा सोड, चालू होईल.

आता मुख्य गोष्ट. दार लावून अंघोळ करताना आठ-दहा मिनिटांनी विझतो, पण दार उघडं असताना विझत नाही, असं आढळलं तर हवा कमी पडतेय. काही गिझरमध्ये त्यासाठी सेन्सर असतो, आणि मिस्त्री बहुधा तोच काढतो म्हणत असेल. हवा कमी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि आतून कडी असली तर माणूस पडल्याचं बाहेर कळतही नाही. पंकज, धुळ्यात थंडीत पारा आठ-नऊवर उतरला की सगळेच खिडक्या बंद करतात, तेव्हा हे जास्त घडतं.

गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत हलवून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची, हाच खरा इलाज. तोवर दार उघडं ठेवून बादली भर, गिझर बंद कर, मगच आत जा. वर एक्झॉस्ट फॅन असला तरी हवा आत यायला खाली जागा लागते. दाराखाली फट नसेल तर जाळी बसवून घे. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर त्या दिवशी गिझर लावूच नकोस.

गॅसबद्दल एवढंच, की असा गिझर तासाला जवळपास १ किलो गॅस खातो, शेगडीच्या एका बर्नरच्या पाचेकपट. एकाच रेग्युलेटरवर शेगडी आणि गिझर असतील तर चहा ठेवला की ज्योत बसते. सिलिंडर संपत आलेला असताना पहाटेच्या गारठ्यातही असंच होतं.

तू उद्या मोजून मला सेकंद सांग, मग कुठला पार्ट आणायचा ते ठरवू. मिस्त्री आला की त्याला माझ्याशी फोनवर बोलायला लाव.

तुझे,
नाना

ता. क. सिलिंडरच्या केशरी नळीवरचं साल बघ, पाच वर्षं झाली असतील तर बदल. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहा. गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद कर, खिडक्या उघड, कुठलंही बटण दाबू नकोस, आणि बाहेर जाऊन १९०६ला फोन लाव.