शिडाच्या बोटींचे अर्थिंग पाण्याखालून तपासा

संपादक महोदय,

गणपती विसर्जन झाले की मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरू लागतात, आणि पाठोपाठ परतीच्या पावसाचा गडगडाट सुरू होतो. डोलकाठीच्या टोकाला सळई बसवली की विजेचा बंदोबस्त झाला, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. सळई बसवणे हे यातले सर्वांत सोपे काम. अंगावर आलेली वीज समुद्रात कुठून उतरणार, हे खरे काम पाण्याखालचे आहे आणि ते बोट किनाऱ्यावर ओढलेली असतानाच होते. म्हणून हे पत्र आत्ता.

ॲल्युमिनियमची डोलकाठी स्वतःच चांगली वाहक असते. लाकडी काठीला मात्र वरपासून खालपर्यंत केबल लागते. अडचण सुरू होते पायथ्याशी. डेकवर उभ्या केलेल्या काठीखाली लाकडी खांब असेल, तर वाट तिथेच तुटते. फायबरचा तळ विजेला रस्ता देत नाही. मग वीज पाण्याची टाकी, इंजिन असे करत तळातल्या एखाद्या वाल्व्हपर्यंत पोचते. तो वाल्व्ह उडाला, तर दीड इंची भोकातून बोट भरायला वेळ लागत नाही.

पायथ्यापासून खाली किमान २५ स्क्वेअर एमएमची, कल्हईच्या तारांची तांब्याची केबल न्यावी. ती आणखी जाड करण्यापेक्षा सरळ आणि आखूड ठेवणे महत्त्वाचे. या केबलचा रोध मीटरला एक मिलिओहमपेक्षा कमी, त्यामुळे ३० हजार अँपिअरचा झटका आला तरी रोधापायी मीटरमागे वीसेक व्होल्टच पडतात. पण विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदांत चढतो. मीटरभर तारेचे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तिचा होणारा विरोध, साधारण एक मायक्रोहेन्री धरले आणि प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने चढला, तर त्याच मीटरवर १० हजार व्होल्ट उभे राहतात. काटकोनात दुमडलेल्या केबलवरून ठिणगी शेजारच्या धातूवर उडी घेते, ती यामुळेच. वळणाची त्रिज्या २० सेंटिमीटरच्या खाली नको. केबलपासून १.८ मीटरच्या आत असलेली टाकी, रेलिंग, तणाव्यांच्या (डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांच्या) पट्ट्या १६ स्क्वेअर एमएमच्या केबलने तिला जोडाव्यात. सांध्यांची भिस्त सोल्डरवर नको, ते वितळते. केबलच्या टोकाचे थिंबल नीट दाबून बोल्टने आवळावे. तांबे थेट ॲल्युमिनियमला टेकवू नये. खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी धरते आणि बाहेरून घट्ट दिसणारा सांधा आतून निकामी झालेला असतो.

आता पाटी, म्हणजे केबलचे खालचे टोक जिला जोडायचे ती तळाला बाहेरून बसवलेली धातूची पाटी. समुद्राच्या पाण्यात किमान एक चौरस फूट उघडा धातू कायम बुडालेला हवा. आपल्याकडे चौकोनी पाटी लावतात, पण प्रवाह पाण्यात शिरतो तो मुख्यतः कडांवरून. फूटभर चौकोनाची कड चार फूट भरते. तेवढ्याच क्षेत्रफळाची एक इंच रुंद, बारा फूट लांब पट्टी घेतली तर कड चोवीस फूट मिळते. पट्टी पाच मिलिमीटर जाड असावी. सच्छिद्र ब्राँझची पाटी कागदावर मोठी दिसते, मात्र तिची छिद्रे बुजतात. कीलचे (तळाखालच्या वजनदार कण्याचे) शिसे फायबरमध्ये गुंडाळलेले असेल तर ते पाटी म्हणून धरू नये. आणि पवना, खडकवासल्यासारख्या गोड्या पाण्यात एका चौरस फुटाचे हे माप अजिबात पुरत नाही, कारण ते पाणी समुद्रापेक्षा कितीतरी पट कमी वाहक आहे. तणाव्याला साखळी बांधून पाण्यात सोडणे हा शेवटचा, दुबळा उपाय.

वेगवेगळे धातू असे एकत्र जोडले की गंज वाढतो, तेव्हा स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवणारे जस्ताचे ॲनोड वेळेवर बदलावेत.

काम नीट झाले का, हे मोजता येते. डोलकाठीच्या टोकापासून पाटीपर्यंतचा रोध ०.०२ ओहमच्या आत हवा. एवढा कमी रोध साधा मल्टिमीटर दाखवू शकत नाही. त्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी आणि ५५ वॅटचे, समांतर जोडलेले दोन हेडलाइट बल्ब घ्यावेत. त्यांच्यातून सुमारे ९ अँपिअर प्रवाह या वाटेने सोडावा आणि टोक ते पाटी व्होल्टेज मोजावे. ते ०.१८ व्होल्टच्या वर गेले, तर कुठला तरी सांधा खराब आहे. एकेका सांध्यावर प्रोब ठेवत गेले की तो सापडतो.

बोट उतरवण्याआधी क्लब लाइफ जॅकेटे मोजतात, अग्निशामक तपासतात. त्याच यादीत ही मोजणी घालावी, ही आमची विनंती. यार्डवाल्यांना आणखी एक सांगणे: तळाला शेवाळरोधक रंग मारताना रंगारी पाटीवरूनही ब्रश फिरवतो आणि इतका सगळा खटाटोप त्या एका हातात वाया जातो. रंग सुरू करण्याआधी पाटीवर मास्किंग टेप लावावी आणि बोट पाण्यात सोडताना ती काढली की नाही, हे मालकाने खाली वाकून स्वतः पाहावे.

– शिडाच्या बोटींची विद्युत कामे करणारे काही वाचक, कुलाबा, मुंबई